साडेनऊ किलोची सायकल

रविवार, ४ मार्च २०१८. रक्कम वीस हजार रुपये. हजर: भिशीतल्या आम्ही दहा जणी, आणि स्वयंपाकघरात आमच्यासाठी चहा करणारा माझा नवरा.

भिशी दरमहा दोन हजारांची. त्या दिवशी ती सरावलीला आमच्याच घरी होती आणि चिठ्ठीही माझीच निघाली. नोटा मोजून झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मग, काय घेणार?"

"सायकल."

"मुलाला?"

"मुलगा नाशिकला शिकतोय, त्याला मोटारसायकल हवी आहे आणि ती त्याला मिळणार नाही. सायकल मला."

"पुढे टोपली असते तसली ना? भाजी आणायला?"

"नाही. वाकड्या हँडलची. रेसिंगची असते तसली."

"अगं बाई, दांडीची?" वहिनी म्हणाल्या. "आणि साडी कुठे खोचणार?"

"साडी नेसून नाही चालवायची ती."

"मग काय घालून चालवणार ते आधी सांग. चहा नंतर घेऊ."

सगळ्या हसल्या. मीही हसले. वय सेहेचाळीस असलेल्या बाईने असं काही बोलल्यावर लोक हसणार, हे मी धरूनच चालले होते. स्वयंपाकघरातून मात्र हसण्याचा आवाज आला नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. माझं माहेर तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावात. थोरली बहीण तिथेच दिली आहे. त्यांची भाताची आणि नाचणीची शेती. मी तिच्याकडे गेले की परतताना तलासरी नाक्यावर डहाणूच्या एसटीची वाट बघणं ठरलेलं. जानेवारीतल्या अशाच एका दुपारी हायवेवरून मुंबईकडून सायकलवाले आले आणि त्यांच्यातला एक चहाच्या टपरीपाशी थांबला. पंक्चर झालं होतं. त्याने एक खटका ओढला आणि पुढचं चाक काढून हातात घेतलं. पाना नाही, पक्कड नाही. मी चहा तसाच ठेवून जवळ गेले.

मी त्याला विचारलं, टायर एवढा बारीक कसा? हवा किती भरता? हँडल खाली वळवून काय मिळतं? त्याने सगळ्याची उत्तरं दिली. बारीक टायर रस्त्याला कमी घासतो, हवा मोटारीच्या टायरच्या तिप्पट लागते, हँडल खाली धरलं की समोरचा वारा कमी अडवतो. मग ट्यूब बदलताना म्हणाला, "ताई, जरा धरता का?" आणि चाक नसलेली सायकल त्याने माझ्या हातात दिली.

मी ती एका हाताने उचलली आणि चुकून जास्तच वर गेली. रिकामी बादली भरलेली समजून उचलल्यावर जसं होतं तसं झालं.

"वजन किती?"

"आठ किलो. चाकासकट."

"आणि किंमत?"

"ऐंशी हजार."

मी आकडा पुन्हा विचारला. त्याने पुन्हा तोच सांगितला. "पण वीस-बावीसपासून मिळतात," तो म्हणाला. "थोड्या जड असतात, एवढंच."

थोड्या म्हणजे किती, हे विचारायच्या आत त्याची ट्यूब बदलून झाली आणि तो गेला. एसटी आली तरी माझ्या डोक्यात तेच होतं. मी बोर्डी रस्त्यावरच्या एका चिकू केंद्रात हिशेबाचं काम करते. आसपासच्या वाड्यांमधले चिकू क्रेट भरभरून येतात, काट्यावर तोलले जातात आणि मी आकडे उतरवते. चिकूच्या चिकासारखा वजनाचा विचारही माझ्या हाताला चिकटलेला आहे. त्यामुळे 'थोड्या जड' हे उत्तर मला पुरण्यासारखं नव्हतं.

भिशीच्या बायका गेल्यावर नवरा कप विसळत बोलला.

"घे की. पैसे तुझ्या पगारातले आहेत, मी कोण नको म्हणणारा? पण ती ठेवणार कुठे?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिन्याखालून वर्षभरात दोन सायकली गेल्या होत्या, आणि ज्या गेल्या नाहीत त्या खाऱ्या वाऱ्याने खाल्ल्या होत्या.

"वर आणणार. घरात."

"मी उचलणार नाही हं. डॉक्टरांनी मला गॅसचं सिलिंडरसुद्धा हलवायला मनाई केली आहे."

"मी उचलीन."

"त्या खांद्याने?"

माझा उजवा खांदा आदल्या वर्षी आखडला होता. सहा महिने वेणीसुद्धा डाव्या हाताने घातली. आता खांदा मोकळा झाला होता, निदान मी तसं सगळ्यांना सांगत होते.

"असं करू," तो म्हणाला. "रोज एकटीने, मध्ये न टेकवता वर आणता येईल अशी मिळाली तर घे. नाही तर वीस हजार बँकेत टाक आणि हा विषय बंद."

मला ते पटलं. एखादी वस्तू घेऊन ती जिन्याखाली सडवायची, हे मलाही सहन झालं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्या खांद्याबद्दल माझ्या मनातही शंका होती. त्यामुळे शोध सुरू झाला तो रंगाचा किंवा कंपनीचा नाही, वजनाचा.

आधी वापीला गेले. तिथल्या दुकानदाराने फार प्रेमाने पाच सायकली दाखवल्या. मी प्रत्येकीबद्दल एकच प्रश्न विचारत होते आणि तो दर वेळी वेगळं काहीतरी सांगत होता. गियर किती, ब्रेक कसले, रंग कसा चमकतो. शेवटी म्हणाला, "बेन, सायकल लेवानी छे के वजनथी वेचवानी छे?" विकत घ्यायची आहे की भंगारात घालायची आहे, असं त्याला म्हणायचं होतं. पण माणूस चांगला होता. आत जाऊन हुकाचा छोटा काटा घेऊन आला आणि सर्वांत स्वस्त सायकल त्याला टांगली. अकरा किलो दोनशे ग्रॅम. किंमत साडेबावीस हजार, बिलासकट. कमी काही होईना.

माझा हिशेब असा होता: सायकलीला जास्तीत जास्त सोळा हजार, बाकीचे हेल्मेट, पंप, दिवे, कुलूप आणि जादा ट्यूब यांना. हे सामान लागतंच, हे मी तोपर्यंत चार जणांना विचारून घेतलं होतं. साडेबावीस कुठेच बसत नव्हते. मी दुकानातच एकदा ती सायकल उचलून पाहिली आणि परत ठेवली. उचलली गेली. पण सपाट फरशीवर उचलणं वेगळं आणि दोन मजले चढणं वेगळं.

मग जुनीचा शोध. केंद्रावर झाईहून चिकू घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याने सांगितलं, की त्यांच्या गावात एक गुजराती गृहस्थ भाड्याने राहतात, उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर जातात आणि त्यांची एक वाकड्या हँडलची सायकल वर्षभर भिंतीला टेकून उभी आहे. मी फोन केला. तीन वर्षांपूर्वी सव्वीस हजारांना घेतलेली, जुळी मुलं झाल्यापासून बंद. "बेन, आता मला झोप मिळाली तरी खूप, सायकल कसली?" त्यांनी पंधरा हजार सांगितले, मी साडेतेरा. तिथे बोलणं अडलं.

"वजन किती?" मी विचारलं.

"ते कोण बघतं? तुम्ही बघून घ्या."

म्हणून मी त्यांना सायकल घेऊन केंद्रावरच बोलावलं. आमच्याकडे काटा होताच.

ते आले तेव्हा दुपारची आवक संपत आली होती. गृहस्थ माझ्याएवढेच उंच, त्यामुळे सायकलही बुटकी. मी मुद्दाम पंजाबी ड्रेस घालून आले होते; दांडीवरून पाय टाकून उभी राहिले तर चार बोटं जागा उरत होती. म्हणजे मापाचा प्रश्न मिटला. त्यांनी तेच खटके ओढून दोन्ही चाकं काढली. चिकू निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. सांगाडा काट्यावर आडवा ठेवला, त्यावर चाकं ठेवली.

काट्यावरचे आमचे काका वीस वर्षं हेच काम करतात. आकड्याची खिडकी त्यांच्या बाजूला आणि माझं टेबल पलीकडे, अशी आमची मांडणी. ते ओरडतात, मी लिहिते. काका खाली वाकले, सवयीने मान तिरकी केली आणि ओरडले, "साडेनऊ!"

मी लिहिलं साडेनऊ. मग लिहिलेल्या आकड्याकडे बघत राहिले. वापीच्या नवीपेक्षा एक किलो सातशे ग्रॅम कमी!

माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण विकणारे गृहस्थ लगेच ताठ झाले. "साडेनऊ? मला ठाऊकच नव्हतं. बेन, मग ही पंधराला नाही जाणार. साडेसोळा."

"फोनवर तर पंधरा म्हणत होतात."

"तेव्हा ती अकरा-बाराची असेल असं वाटत होतं."

काकांना हे फार आवडलं. "बाय, सोड. एवढ्यात तर दोन खोंड येतील," ते म्हणाले. मी सोडलं नाही. सोळा हजारांवर तोडलं, हजार रुपये बयाणा दिला. ठरलं असं, की दोन दिवस सायकल माझ्याकडे राहील. वर नेता आली तर उरलेले पंधरा द्यायचे, नाही तर सायकल परत, बयाणाही परत. याला ते कसे तयार झाले, याचं मला आजही थोडं आश्चर्य वाटतं. जुळ्या मुलांच्या बापाला घरी जायची घाई होती, हेच कारण असावं.

त्या संध्याकाळी मी ती चालवत सरावलीला आले. लहानपणी मी माहेरी मोठ्यांची सायकल दांडीखालून पाय घालून, कैची मारत चालवली होती. त्यानंतर थेट आता. पहिला अर्धा किलोमीटर मी फक्त हँडल घट्ट धरण्यात घालवला. मग गियरची कळ दाबून पाहिली, कोणती कळ काय करते ते ध्यानात ठेवत गेले. एका कळीने पाय एकदम हलके झाले आणि सायकल मंदावली. दुसरीने पाय जड झाले आणि सुरूची झाडं भराभर मागे जाऊ लागली. पॅडल थांबवलं की मागचं चाक बारीक टिकटिकायचं. मी मुद्दाम थांबवून ते ऐकत होते. एक मच्छीवाली टोपली सावरत म्हणाली, "बाये, खाली बघून नको चालवू, पुढं बघ!" बरोबर होतं तिचं.

मग घर आलं, आणि जिना.

मी दांडीखाली खांदा घातला, जसं टीव्हीवर शर्यतीतल्या सायकलवाल्यांना करताना पाहिलं होतं. पहिला मजला चढले. दुसऱ्याच्या मधल्या वळणावर सायकल खाली टेकवावी लागली. खांद्यात कळ नव्हती, पण दम संपला होता. वरून नवरा कठड्यावरून बघत होता.

"काय झालं?"

"काही नाही. वळणावर हँडल अडकलं."

हँडल अडकलं नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तिथेच थांबावं लागलं.

जेवताना तो हळूच म्हणाला, "अगं, साडेनऊची सायकल ही. वीस हजारांत याहून हलकी मिळेल का?"

"नाही."

"मग?"

मग काय, ते उघड होतं. जी सर्वांत हलकी, तीच जर एका दमात वर येत नसेल तर दुसरी कुठलीही येणार नव्हती. मी स्वतःला सांगितलं, खांदा मोकळा झाला म्हणजे पहिल्यासारखा झाला असं नव्हे. शब्द तो शब्द. संध्याकाळी फोन करून सायकल परत देते म्हणून कळवायचं, असं ठरवलं. त्या दुपारी मला कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

फोन राहिला तो पिठामुळे. संध्याकाळी येताना मी स्टेशनजवळच्या दुकानातून गव्हाच्या पिठाची दहा किलोची पिशवी घेतली, नेहमीसारखी. ती खांद्यावर टाकून वर आले, ओट्यावर ठेवली आणि चहाचं आधण ठेवलं. आधणात साखर टाकताना लक्षात आलं, की मी वळणावर थांबले नाही. गेली कित्येक वर्षं मी ही पिशवी अशीच आणते आहे.

"अहो, दहा किलो न थांबता येतं आणि साडेनऊला थांबावं लागतं, हे कसं?"

"आकार वेगळा. पिशवी अंगाला चिकटून बसते. सायकलचं चाक इकडे, हँडल तिकडे."

कारण पटण्यासारखं होतं. तरी माझं समाधान झालं नाही. कुठलीच बेरीज 'आकारामुळे' चुकत नाही. दुसऱ्या दिवशी मी सील न तोडलेली पिठाची पिशवी घेऊन केंद्रावर गेले. नवऱ्याने फक्त विचारलं, "आज पोळ्या नाहीत?"

काकांना मी काही सांगितलं नाही. पिशवी काट्यावर ठेवली, टेबलाशी जाऊन बसले आणि पेन उघडलं.

काका वाकले, मान तिरकी केली. "आठ!"

"काका, पिशवीवर काय छापलंय?"

"दहा." त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. मग बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. "काट्यावर पण दहाच आहे गं."

"मग आठ का म्हणालात?"

त्यांनी काट्याशेजारच्या क्रेटच्या थप्पीकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "क्रेट!"

झालं होतं ते असं. रिकाम्या क्रेटचं वजन दोन किलो. चिकूचा क्रेट काट्यावर बसला, की काका दिसणाऱ्या आकड्यातून दोन वजा करून निव्वळ माल ओरडतात. वीस वर्षं रोज शेकडो वेळा. आता ते वजा करतात हे त्यांनाच कळत नाही. डोळ्याला बावीस दिसतात, तोंडातून वीस येतात. सायकल साडेअकरा किलोची होती. तिचाही क्रेट वजा झाला होता.

चिकू निवडणाऱ्या बायकांमध्ये एकच हशा पिकला. एक म्हणाली, "काका, तुमचं स्वतःचं वजन सांगतानाही दोन वजा करता का हो?" दुसरी म्हणाली, "म्हणून तर बारीक दिसतात!" काका हसत होते, पण मध्येच थांबले आणि माझ्याकडे वळले.

"बाय, मागे तू शाळेसाठी रद्दी तोलून घेतली होतीस ना, गठ्ठ्यांनी?"

"हो."

"ती क्रेटमध्ये नव्हती."

"नव्हती."

"म्हणजे गठ्ठ्यामागे दोन किलो..." त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, ते आपण नंतर बघू.

मला रद्दीचं सुचतच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी दीड मजला नेली होती ती साडेअकरा किलोची सायकल, तीही पहिल्याच दिवशी, बोर्डी रस्त्यावरून इतकं अंतर चालवून आल्यावर. खांद्याने मला दगा दिला नव्हता. मीच त्याला चुकीच्या आकड्यावरून नापास केलं होतं.

त्या संध्याकाळी जिन्यात मी पद्धत बदलली. आधी खाली पाच मिनिटं बसले. सायकल डाव्या खांद्यावर घेतली, उजव्या हाताने पुढचं चाक अंगाशी धरलं, पिठाची पिशवी बसते तशी. वळणावर हँडल भिंतीला घासलं. पण न थांबता वर आले आणि दार पायाने ढकललं. नवरा पेपर वाचत होता.

"साडेनऊ?" त्याने विचारलं.

"साडेअकरा."

सगळं सांगितल्यावर तो इतका हसला, की त्याची कंबर धरली. मग सायकलीसाठी त्याने स्वतःहून टीव्हीच्या बाजूची कुंडी सरकवली.

राहिला व्यवहार. किंमत वाढली होती ती काकांच्या आकड्यावर, आणि तो आकडा खोटा निघाला होता. मी झाईला फोन लावून त्या गृहस्थांना जसं झालं तसं सांगितलं. पलीकडे आधी मूल रडल्याचा आवाज, मग त्यांचं हसणं.

"म्हणजे माझी सायकल दोन दिवस फुकटच साडेनऊ किलोची झाली होती! बरं बेन, मग मूळचे पंधरा."

"मी साडेतेरा म्हटले होते."

"तुम्हाला ती नको असेल तर परत आणा."

"हवी आहे."

"मग?"

"मग तुमचे पंधरा आणि माझे साडेतेरा, यांच्या बरोब्बर मध्ये."

"किती होतात?"

"चौदा हजार दोनशे पन्नास."

"तुम्ही आधीच करून ठेवलं होतंत," ते म्हणाले. ते खरं होतं.

रविवारी मी सायकलवरूनच झाईला गेले. त्यांच्या ओटीवर दोन्ही मुलं एकाच पाळण्यात झोपली होती, म्हणून आम्ही कुजबुजत व्यवहार केला. बयाणा वजा जाता तेरा हजार दोनशे पन्नास त्यांच्या हातात दिले. त्यांनी पंप माझ्या पिशवीत टाकला आणि वर पैसे घेतले नाहीत. निघताना गेटपर्यंत आले, एकदा सीटवर हात ठेवला आणि पाळण्यातून आवाज आला तसे आत गेले.

हेल्मेट, दिवे, कुलूप आणि दोन ट्यूब वापीच्या त्याच दुकानातून घेतल्या. एकंदर तीन हजार चारशे रुपये, दुकानदाराला, बिलासकट. सायकल दुसरीकडून घेतली म्हणून तो रागावला नाही, फक्त विचारलं, "वजन केटलुं?" मी सांगितल्यावर म्हणाला, "तर माझी हलकी होती." होती, तीनशे ग्रॅमने. हे मी त्याला मान्य केलं.

उरलेल्या दोन हजार तीनशे पन्नासांतून एक देणं बाकी होतं. आमच्याकडे बाहेरची वस्तू तोलली, तर तोलाई पाच रुपये. सायकल आणि पीठ धरून मी काकांसमोर दहाची नोट ठेवली. त्यांनी गल्ल्यातून पाचचं नाणं काढून मला परत दिलं.

"सायकलीचा तोल चुकला होता, त्याचे घेणार नाही. पिठाचे घेतो."

"पिठाचाही चुकलाच होता की, काका."

"पहिल्यांदा. दुसऱ्यांदा नीट बघून दहा म्हणालो."

तर तोलाई रुपये पाच, काकांना.